इंग्रजी कानावर पडू द्या

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत रविवारच्या इंग्रजी श्रवणवर्गातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवात एका प्रश्नाने करतो. आपण गुजराती कोणत्या पुस्तकातून शिकलो? ज्यांना शाळेत गुजराती होते, ते लिपी शिकले, थोडे व्याकरण शिकले. पण गुजराती बोलणे समजू लागले, ते त्याच्या कितीतरी आधी. खंडेराव मार्केटात आईचा हात धरून उभे असताना भाजीवाल्याचा भाव कानावर पडत होता. पोळातल्या शेजारीणबाई ओट्यावरून हाका मारत होत्या. नवरात्रात गरबा ऐकू येत होता. वडोदऱ्यातल्या आपल्या घरांनी कित्येक पिढ्या मराठी जपली आणि तरीही गुजराती आली. मुलांना गुजराती यावी म्हणून कोणाच्या आजीने घरातली मराठी बंद केली, असे आम्ही तरी ऐकलेले नाही.

इंग्रजीच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडू लागले आहे. आमच्या रविवारच्या वर्गाला मुले सोडायला येणारे पालक विचारतात, "त्याला इंग्रजी बोललेलं कळावं म्हणून आम्ही घरात इंग्रजीच सुरू करू का?" काही जणांनी विचारणेही सोडून दिले आहे. सरळ सुरुवातच केली आहे. आजीशी मोडकेतोडके मराठी, आईबाबांशी तितकेच मोडकेतोडके इंग्रजी, असे ते मूल मधल्यामध्ये अडकते. या प्रश्नाचे आमचे उत्तर काय, ते आज सांगायचे आहे. चित्रपट हा त्या उत्तराचाच एक भाग आहे, म्हणून भाषण चित्रपटांवर.

आधी दुखणे नीट समजून घेऊ. आपले इंग्रजी डोळ्यांचे आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली पिढी असो की गाइडांवर वाढलेली, आपण इंग्रजी वाचून, लिहून आणि भाषांतर करून शिकलो. परीक्षाही लिहिण्याचीच. शाळेतली दहा-बारा वर्षे इंग्रजीत घालवूनही इंग्रजी ऐकण्याची परीक्षा बहुतेकांनी कधी दिलेली नसते. मग नोकरी लागते. मुलगा पत्र उत्तम लिहितो, अहवाल बिनचूक करतो. पण परदेशी ग्राहकाशी फोनवर बैठक सुरू झाली, की "येस, येस" म्हणत राहतो आणि बैठक संपल्यावर शेजारच्याला हळूच विचारतो, "काय करायचं ठरलं रे?" हुशारी कमी नाही, ज्ञानही कमी नाही. फक्त कान तयार नाही.

परदेशी शिक्षणासाठी 'आयेल्ट्स'ची परीक्षा देणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. त्यातल्या श्रवणाच्या भागात चार विभाग आणि चाळीस प्रश्न असतात, वेळ सुमारे अर्ध्या तासाचा आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. पुन्हा मागे जाता येत नाही. वाचताना अडलेल्या ओळीवर बोट ठेवून थांबता येते. बोललेले वाक्य थांबत नाही.

आणि हा प्रश्न केवळ तरुणांचा नाही. आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे परदेशात वाढत आहेत. व्हिडिओ कॉलवर नात भरभरून काहीतरी सांगते, आजी हसून मान डोलावते. दोन-चार वेळा असे झाले, की नातीला कळते, आजीला समजत नाही. मग ती आजीला सांगणेच बंद करते. नातवंडांनी मराठी शिकावे हे खरेच, आणि त्यासाठी आपण धडपडतोच. पण तोवर आजीच्या कानाला नातीचे बोलणे कळले, तर ती वाट निदान बंद पडत नाही.

आता, कान का अडतो? आपल्याच भाषेचे उदाहरण घेऊ. समजा, एखादा परदेशी माणूस पुस्तकातून मराठी शिकला. त्याला "तू काय करत आहेस?" हे वाक्य येते. तो आपल्याकडे पाहुणा आला आणि आपण मुलाला विचारले, "काय करतोयस?" तो गोंधळणार. "तू कुठे चालला आहेस?" हे त्याला पाठ आहे, आपण म्हणतो, "कुठं चाललायस?" त्याला वाटते, मराठी माणसे फार भरभर बोलतात. आपण भरभर बोलत नाही. आपण शब्द एकमेकांना जोडतो, मधले गाळतो आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.

इंग्रज आणि अमेरिकन माणसेही तेच करतात. "व्हॉट आर यू गोइंग टु डू" हे आपण कागदावर सहा वेगळे शब्द म्हणून शिकलो. बोलताना त्याचे "वॉटया गना डू" होते. "गिव्ह मी"चे "गिमी", "वॉन्ट टु"चे "वॉना". "कम्फर्टेबल" आपण सगळी अक्षरे उच्चारून म्हणतो. त्यांच्या तोंडून "कम्फ्टबल" येते. "फोटोग्राफ"मध्ये जोर पहिल्या अक्षरावर. "फोटोग्राफी" म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द "फटॉग्रफी" असा ऐकू येतो. जो शब्द डोळ्यांना शंभर वेळा भेटला, तोच कानाला अनोळखी वाटतो.

याच्या मुळाशी एक मोठा फरक आहे. मराठीत साधारणपणे प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजी वाक्यात मात्र अर्थाचे दोन-चार शब्द जोराने येतात आणि 'ऑफ', 'टु', 'ॲण्ड', 'द' यांसारखे बाकीचे शब्द घाईत चिरडले जातात. आपण प्रत्येक अक्षर पकडायला जातो, एखादे निसटले की तिथेच घुटमळतो आणि तोवर पुढचे वाक्य निघून जाते. आपल्या बाप्पाचे एक नाव शूर्पकर्ण आहे, सुपासारखे कान असलेला. सूप धान्य ठेवते आणि फोलपट उडवते. इंग्रजी ऐकणाऱ्याला असाच कान हवा. जोराचे शब्द ठेवायचे, बाकीच्यांच्या मागे धावायचे नाही.

पण फोलपट समजून दाणा टाकला, तर पंचाईत होते. "आय कॅन कम" आणि "आय कान्ट कम" यांत आपण शेवटच्या 'ट'ची वाट पाहतो. अमेरिकन बोलण्यात तो 'ट' बहुधा कानाला लागतच नाही. तिथे होकारातला 'कॅन' दबून "क्न" असा येतो आणि जोर 'कम'वर पडतो. नकारात मात्र "कॅन्" असा स्वच्छ, वजनदार येतो. म्हणजे 'कॅन' स्पष्ट ऐकू आला, तर बहुधा नकार समजावा! येतो म्हणाला की येत नाही म्हणाला, हे एका अक्षराच्या वजनावर ठरते. आणखी एक गंमत म्हणजे आपला 'व'. इंग्रजीत त्याचे दोन वेगळे उच्चार आहेत. एकात ओठ गोल होतात, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आपण पश्चिम दिशाही 'वेस्ट' लिहितो आणि बनियनही 'वेस्ट'च. वाचताना अडचण येत नाही, कारण इंग्रजी अक्षरे वेगळी असतात. कानाला मात्र फरक शिकवावा लागतो, आणि तो बोलणाऱ्याचे ओठ पाहिले की लवकर कळतो.

इथे चित्रपट कामाला येतो. गुजराती आपल्याला गल्लीने शिकवली. तिथे नुसते शब्द नव्हते. बोलणाऱ्याचा चेहरा होता, हातवारे होते, समोर भाजीची टोपली होती. शब्द कळला नाही तरी प्रसंग कळत होता, आणि प्रसंगाच्या आधाराने दहाव्या वेळी शब्दही कळत होता. इंग्रजीची अशी गल्ली आपल्या शहरात नाही. चांगला चित्रपट ही ती गल्ली आहे. तिथे माणसे भांडतात, भाव करतात, खोटे बोलतात, समजूत घालतात, आणि हे सगळे चेहऱ्यासकट दिसते. शिवाय या गल्लीत एक सोय आहे, जी खऱ्या गल्लीत नव्हती. शेजारीणबाईंना "तेच वाक्य पुन्हा सात वेळा म्हणा" असे सांगता येत नव्हते. चित्रपटाला सांगता येते.

लगेच कोणी म्हणेल, "आमचा मुलगा रोज रात्री इंग्रजी चित्रपट पाहतो, पण फरक काही दिसत नाही." बरोबर आहे. तो अडीच तास पाहतो आणि खाली हिंदी सबटायटल लावून पाहतो. डोळे हिंदी वाचतात, मन गोष्टीत रमते आणि कान झोपी जातो. करमणूक होते, ती व्हावीच. पण तो अभ्यास नव्हे.

या बाबतीत नेदरलँड्समधले एक संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. डच विद्यार्थ्यांना अनोळखी धाटणीचे, म्हणजे ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश बोलीतले इंग्रजी चित्रण दाखवले. काहींना खाली इंग्रजी अक्षरे दिली, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर त्याच बोलणाऱ्यांची वाक्ये ऐकवून, ऐकले तसे म्हणायला सांगितले. इंग्रजी अक्षरे वाचलेल्यांना आधी न ऐकलेली नवी वाक्येही अधिक चांगली पकडता आली. डच अक्षरे वाचलेल्यांची नव्या वाक्यांवरची पकड उलट कमी झाली. जी भाषा ऐकायची, तीच अक्षरे खाली असली तर ती कानाला वाट दाखवतात. आपल्या भाषेतली अक्षरे गोष्ट सांगतात, पण कानाचे काम काढून घेतात.

आपल्या शेजारीही याच्या जवळचे एक काम झाले आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून 'त्याच भाषेतली सबटायटल' ही कल्पना पुढे नेली. दूरदर्शनवरच्या चित्रपटगीतांखाली गाण्याचेच शब्द, गाण्याच्याच भाषेत. हेतू असा, की गाणे तर पाठ असते, त्या आधाराने कच्चे वाचणाऱ्याला वाचता यावे. तिथे कानाच्या मदतीने डोळा शिकतो. आपल्याला उलटा प्रवास करायचा आहे, डोळ्याच्या मदतीने कान शिकवायचा आहे. तत्त्व एकच.

आता आमच्या वर्गाची पद्धत सांगतो. ती घरीही करता येते; मोबाइल किंवा टीव्ही पुरतो, शिकवणी लागत नाही.

चित्रपटातला दोन ते तीन मिनिटांचा एक प्रसंग निवडायचा, जास्त नाही. प्रथम आवाज बंद करून पाहायचा. कोण कोणावर रागावले आहे, कोण काय मागते आहे, याचा अंदाज बांधायचा, आणि तो खुशाल मराठीत बोलायचा. दुसऱ्यांदा आवाज सुरू करायचा, पण पाठ पडद्याकडे. आता नुसता कान. जे जोराचे शब्द हाती लागतील, तेवढेच कागदावर टिपायचे. चार मिळाले तरी चालतील. तिसऱ्यांदा चित्र आणि आवाज दोन्ही. कागदावरच्या शब्दांमधल्या जागा शक्य तितक्या भरायच्या. चौथ्यांदा इंग्रजी सबटायटल लावून पडताळायचे. या वेळी प्रत्येक जण एकदा तरी म्हणतो, "अरेच्चा, हा शब्द तर मला येतो!" हाच अभ्यासाचा गाभा आहे. येणारा शब्द ऐकू का आला नाही, तो जोडला गेला होता की दबला होता, ते तिथेच पाहायचे. पाचव्यांदा अक्षरे काढून पुन्हा ऐकायचे. आणि शेवटी त्या पात्राबरोबर, त्याच्याच लयीत, ते संवाद म्हणायचे. ज्या जोडण्या आपल्या तोंडातून एकदा निघाल्या, त्या दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर लवकर ओळखू येतात.

सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे. म्हणूनच आमच्या वर्गात चित्रपट ऐन रंगात आला की बंद होतो. काही ज्येष्ठ सभासद त्याबद्दल अजून आमच्यावर रागावलेले आहेत. उरलेला घरी पाहावा, ही त्यांना नम्र विनंती.

चित्रपट कोणता निवडावा? आमचा नियम असा, की गोष्ट आधीच ओळखीची असावी. याचा पुरावा आपल्यातच बसला आहे. इथल्या कित्येक ज्येष्ठांनी तरुणपणी रेडिओला कान लावून इंग्रजीतले क्रिकेटचे धावते वर्णन ऐकले आहे. ज्यांना चार ओळींचे इंग्रजी पत्र लिहिताना घाम फुटत असे, त्यांनाही चेंडू कुठे गेला, कोण बाद झाला, सारे कळत होते. कारण खेळ ठाऊक होता. पुढे काय येऊ शकते याचा अंदाज असला, की कान अर्धे काम आधीच करून ठेवतो.

म्हणून आमची सुरुवात १९८२ सालच्या 'गांधी' या चित्रपटाने होते. त्यातली गोष्ट गुजरातेत राहणाऱ्याला सांगावी लागत नाही. शिवाय या एकाच चित्रपटात तीन प्रकारचे इंग्रजी भेटते. आधी भारतीय इंग्रजी. डॉ. श्रीराम लागूंचे गोपाळ कृष्ण गोखले आणि रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा ऐका. कान लगेच स्थिरावतो, कारण सूर ओळखीचा आहे. मग ब्रिटिश इंग्रजीसाठी अहमदाबादेत १९२२ साली चाललेल्या खटल्याचा प्रसंग. ट्रेव्हर हॉवर्ड या इंग्रज नटाने न्यायाधीश ब्रूमफील्ड उभे केले आहेत. शिक्षा सुनावणारा माणूस आरोपीबद्दलचा आदर आवाजात कसा ठेवतो, ते ऐकण्यासारखे आहे. आणि मग अमेरिकन इंग्रजी. धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रही रांगेने पुढे जातात आणि लाठ्या खातात, त्याची बातमी मार्टिन शीनने रंगवलेला पत्रकार फोनवरून देतो. धारासणे आपल्याच दक्षिण गुजरातेतले. तो प्रसंग आम्ही पाठ फिरवून ऐकायला लावला, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "शब्द सगळे नाही कळले, पण हा माणूस रडू आवरून बोलतोय." शब्दांच्या आधी त्यांनी आवाज वाचला होता. कान तयार होण्याची ती पहिली पायरी.

त्यानंतर 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', १९५७ सालचा. ज्यांनी बासू चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' पाहिला आहे, त्यांना गोष्ट माहीत आहेच. खुनाच्या खटल्यातले बारा पंच एका खोलीत बसतात. अकरा जणांना मुलगा दोषी वाटतो, एकाला खात्री नसते. दीड तासाच्या त्या चित्रपटात जवळजवळ सगळे त्या एकाच खोलीत घडते आणि करण्यासारखे बोलण्याशिवाय काही नाही. बारा माणसे, बारा स्वभाव, एकमेकांचे वाक्य तोडून बोलणारी. कार्यालयातल्या बैठकीची याहून चांगली तालीम आम्हाला मिळालेली नाही. हिंदी आधी पाहावा, इंग्रजी नंतर.

तिसरी जोडी खास आपली. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. लं.नी 'ती फुलराणी' केली. त्याच नाटकावरून 'माय फेअर लेडी' झाला, १९६४ साली. फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या प्राध्यापकाची ही गोष्ट आपण मराठीत टाळ्या वाजवून पाहिली आहे. इंग्रजी पाहताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. तो प्राध्यापक शिकवायला नंतर बसतो. आधी तो ऐकतो. माणसाच्या दोन वाक्यांवरून त्याचे गाव सांगतो. नायिका 'ह' गाळते तिथे कान ठेवावा. आपल्याकडच्या 'न' आणि 'ण'ची आठवण होईल, आणि बोलण्यावरून माणसाची किंमत करण्याची खोड सगळीकडे सारखीच, हेही कळेल.

लहान मुलांसाठी डिस्नेचा १९६७ सालचा 'द जंगल बुक' चांगला. मोगली त्यांच्या ओळखीचा असतो आणि प्रत्येक प्राण्याचा आवाज वेगळा व स्वच्छ आहे.

आणि गृहिणींनी 'इंग्लिश विंग्लिश' जरूर पाहावा, २०१२ सालचा. त्यातली शशी गोडबोले ही आपल्याच घरातली बाई. लोक तो चित्रपट इंग्रजी बोलता न येणाऱ्या बाईचा म्हणून लक्षात ठेवतात. न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानातला प्रसंग मात्र पुन्हा पाहावा. तिथे ती आधी ऐकण्यातच अडते. काउंटरवरची मुलगी एकामागून एक प्रश्न टाकते, पहिला समजून घेईपर्यंत दुसरा येतो, आणि घाबरल्यावर येत असलेले इंग्रजीही जाते. पुढे ती गृहपाठ म्हणून रात्री इंग्रजी चित्रपट पाहत बसते, हेही ध्यानात घ्यावे. कॉफी मागायला लागणारे शब्द चार-दोनच. ते ओळखता आले असते, तर ती रडत बाहेर पडली नसती.

चित्रपटाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चित्रपटातले संवाद लिहिलेले असतात. खऱ्या बोलण्यातले अडखळणे, अर्धवट वाक्ये, मागचा गोंगाट त्यात कमी असतो. दुसरे असे, की चेहरा पाहण्याची सवय लागते आणि फोनवर चेहरा नसतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पाठ फिरवून ऐकण्याचे प्रमाण वाढवावे आणि मग बातम्या व मुलाखती नुसत्या ऐकाव्यात. तिसरे, मारामारीच्या चित्रपटात संवाद थोडे आणि स्फोट फार. कानाला फायदा नाही. आणि शिव्या सगळ्यांत लवकर पाठ होतात, त्यासाठी वर्गाची गरज पडत नाही. चित्रपट निवडताना घरातल्या मोठ्यांनी आधी पाहून ठेवावा.

आणखी एक सांगणे. एवढे करूनही समजले नाही, तर विचारावे. पुन्हा सांगण्याची विनंती करणारे एक सभ्य इंग्रजी वाक्य आम्ही प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी पाठ करून घेतो. न समजता मान डोलावण्यात जेवढे नुकसान आहे, तेवढे विचारण्यात कधीच नसते.

आता पालकांच्या त्या प्रश्नाकडे येतो. घरात इंग्रजीच बोलायला सुरुवात करावी का? आमचे उत्तर स्पष्ट आहे. करू नये. मुलाला जे इंग्रजी ऐकायचे आहे, ते आपल्या तोंडचे नव्हे. आपण इंग्रजी बोलतो ते मराठीच्या लयीत, प्रत्येक अक्षराला वाटा देऊन. ते चुकीचे मुळीच नाही, जगात ते समजते. पण शब्द जोडून, दाबून बोलणाऱ्या माणसाला समजण्याची तयारी त्यातून होत नाही. म्हणजे घरातली मराठी घालवून जे मिळवायचे, ते मिळतच नाही. आणि जे होते, ते जाते. आजीच्या तोंडची म्हण, आजोबांच्या बोलण्यातला तिरकस विनोद, रागावताना बदलणारा आईचा सूर, यांतूनच मूल आवाजातला अर्थ ओळखायला शिकते. धारासण्याचा प्रसंग ऐकताना त्या आजींना जे कळले, ते कोणत्याही इंग्रजी वर्गात शिकवलेले नव्हते. आयुष्यभर माणसे ऐकून कमावलेला तो कान होता. मराठीत असा कान झाला, की तो इंग्रजीतही उपयोगी पडतो.

तेव्हा घर मराठी ठेवा आणि इंग्रजीसाठी रोज वीस मिनिटांची गल्ली उघडा. जमल्यास नातवंडाने आणि आजीने एकत्र बसावे. नातू शब्द पकडेल, आजी मनातले ओळखेल. चित्रपट इंग्रजी असेल, पण त्यावरची चर्चा मराठीत होईल, आणि एका बैठकीत दोन्ही भाषांचा सराव होईल.

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता वर्ग पुन्हा सुरू होत आहे. वयाची अट नाही, परीक्षा नाही, फी नाही. येताना एक वही आणि पेन्सिल आणावी. पेन नको, कारण पहिल्या दिवशी खोडावे बरेच लागते. या वेळी सुरुवात 'गांधी'मधल्या खटल्याच्या प्रसंगाने आहे. तो एकदा घरी मराठीत आठवून, मुलांना सांगून या. पुढचे आपण मिळून ऐकू.

 गणपती बाप्पा मोरया!